पुस्तक कुठल्या हवेचं?

मराठीत ‘बोन्साय’ हा शब्द आपण बहुतेक वेळा शिवीसारखा वापरतो. अमक्याच्या प्रतिभेचं बोन्साय झालं, शहराने माणसांचं बोन्साय केलं, वगैरे. मूळ शब्दात खुरटवणं कुठेच नाही. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक, ‘साय’ म्हणजे लावलेलं रोप. बस्स. शब्द चिनीतून जपानीत आला, आणि त्यामागची कलाही. चीनमध्ये इ.स. ७०६ मधल्या एका राजपुत्राच्या थडग्यात भित्तिचित्र आहे, त्यात सेवक तबकातला छोटासा देखावा हातात घेऊन चाललेत. जपानमध्ये १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत कुंडीतली झाडं दिसतात. कला एवढी जुनी, पण जपान-चीनबाहेरच्या माणसाला खरोखर उपयोगी पडतील अशी पुस्तकं जेमतेम सत्तर वर्षांची.

हा हिशोब मी मांडला तो ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याला बोन्सायवरचं ‘एकच चांगलं पुस्तक’ हवं होतं. मी विचारलं, झाड कोणतं आहे? म्हणाला, ज्युनिपर, एसीखाली टेबलावर ठेवलंय, मस्त हिरवंगार आहे. ज्युनिपरची गंमत अशी की ते मेल्यानंतरही काही आठवडे हिरवंच दिसतं. ते उघड्यावर, उन्हात राहणारं झाड आहे, आणि त्याला खरा हिवाळा मिळाला तर बरंच. त्याला कोणतं पुस्तक सुचवायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुस्तकांपेक्षा ती लिहिणाऱ्यांच्या गावांकडेच जास्त पाहायला लागलो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योकोहामाची एक मोठी नर्सरी इंग्रजी कॅटलॉग छापून जगभर बुटकी झाडं विकत होती. अमेरिकेचे जपानमधले राजदूत लार्झ अँडरसन यांनी १९१३ मध्ये मायदेशी परतताना तिच्याकडून झाडं घेतली. बरीचशी हिनोकी सायप्रसची. १९३७ मध्ये ती बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटमकडे गेली. त्यातली काही आजही जिवंत आहेत, पण कशी? बॉस्टनचा हिवाळा कुंडीतल्या मुळांना फार कडक, आणि गरम घरात ठेवलं तर झाडाची झोप मोडते. म्हणून हिवाळाभर त्यांना गोठणबिंदूच्या जरा वर राखलेल्या थंड खोलीत ठेवतात. म्हणजे झाडाबरोबर त्याची हवासुद्धा मागवावी लागली.

ती हवा पुस्तकात कशी शिरली, ते बघण्यासारखं आहे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले शहर सोडून ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे त्यांनी आपलं गाव वसवलं. नियम मजेदार होते: प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय हवीत, फाटक सगळ्यांना उघडं, दुमजली घर बांधायचं नाही, कुंपण जिवंत झाडांचंच. अशा ठिकाणी काम शिकायला पुस्तक लागत नाही. शिकाऊ पोरगा वर्षानुवर्षं पाणी घालतो, गुरुजींचे हात बघतो, आणि झाड कधी तहानलंय हे त्याला कळायला लागतं. कोणत्या महिन्यात काय करायचं, हे कुणी सांगायचीही गरज नसते. बाहेर हवा बदलते, सगळे कामाला लागतात.

पुस्तक लागलं ते परक्यांना. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत अमेरिकी सैनिक, मुत्सद्दी, त्यांची कुटुंबं होती. युजी योशिमुरा या तरुण, पिढीजात बोन्सायकाराने १९५२ मध्ये अशा परदेशी लोकांसाठी वर्ग सुरू केला. त्यांच्या विद्यार्थिनी जिओव्हाना हॅलफर्ड यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं ‘द जॅपनीज आर्ट ऑफ मिनिएचर ट्रीज अँड लँडस्केप्स’ १९५७ मध्ये निघालं आणि पुढे कित्येकदा छापलं गेलं. मला हे पुस्तक अजूनही आवडतं, कारण त्यात गूढतेचा आव नाही. झाड उपटा, मुळं अशी विंचरा, इतकी कापा, तार अशी गुंडाळा. विद्यार्थी काही दिवसांनी जहाजात बसून निघून जाणार आहे, हे माहीत असलेल्या मास्तरांचं ते पुस्तक आहे.

फक्त त्याचं घड्याळ टोकियोचं आहे. कुंडी बदलायची ती वसंताच्या तोंडावर, कळ्या फुगताना. आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणतात. मातीही तशीच. जपानी पुस्तकांत सतत भेटणारी ‘अकादामा’ ही तिथल्या कांतो पठाराची दाणेदार माती. पाणी धरते आणि जादाचं सोडते, यात तिचं सगळं मोल. तेच काम आपल्याकडे चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं शेणखत करतं. हजारो रुपये देऊन पिशवी मागवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल आदर आहे.

पुढची चांगली पुस्तकं बघा, प्रत्येकाच्या मागे झाडाचं किंवा माणसाचं स्थलांतर आहे. जॉन नाका जन्मले कोलोरॅडोत, लहानपणी जपानला गेले, आजोबांकडे बोन्साय पाहिलं आणि तरुणपणी अमेरिकेत परतले. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले ज्युनिपर हाताळले, शिकवत राहिले, आणि ‘बोन्साय टेक्निक्स’चे दोन भाग (१९७३ आणि १९८२) लिहिले. नातवंडांच्या नावाने लावलेल्या अकरा ज्युनिपरचं त्यांचं ‘गोशिन’ हे वन आज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये आहे. फांदी कुठे ठेवावी आणि का, हे डोळ्याला शिकवायचं असेल तर नाका वाचावेत. पुण्यात मार्चमध्ये काय करावं यासाठी नाही.

आपल्या हवेजवळचं पुस्तक भलतीकडेच सापडतं. हाँगकाँगचे बँकर वू यी-सुन यांनी १९६९ मध्ये ‘मॅन लुंग गार्डन आर्टिस्टिक पॉट प्लांट्स’ काढलं. त्यांची परंपरा लिंगनान, म्हणजे ग्वांगडोंगकडची. उकाडा, दमट हवा, पावसाळा, थंडी नावापुरती. तिथल्या लोकांनी तारेवर भर न देता ‘छाटा आणि वाढू द्या’ ही रीत घडवली. फांदी मोकाट वाढू द्यायची, हवी तेवढी जाड झाली की आखूड कापायची, फुटलेल्या कोंबांतून योग्य दिशेचा एक निवडायचा, पुन्हा वाढू द्यायचा. प्रत्येक काप एक वळण देतो. काही वर्षांनी फांदीला जो खडबडीत नागमोडीपणा येतो, तो तारेने येत नाही.

ही रीत तिथेच का रुजली, याचं उत्तर झाडात आहे. ज्युनिपरची फांदी हिरवळीच्या मागे कापली तर उघड्या लाकडावर सहसा काही फुटत नाही, फांदी संपली. वड-पिंपळाच्या कुळातलं झाड मात्र जुन्या खोडावरूनही फुटतं. ज्या देशात पहिल्या प्रकारची झाडं होती तिथे तार आली, जिथे दुसरी होती तिथे कात्री. आणि लिंगनानचं लाडकं वडासारखं झाड म्हणजे आपलं नांद्रुक. त्यांची सुगंधी फुलांची ‘जिउलिश्यांग’ म्हणजे आपली कुंती. एका बँकरच्या बागेतल्या फोटोंत ओळखीची पानं बघून मला जो आनंद झाला, तो ओमियाच्या पाइनने कधी दिला नव्हता. पाइन सुंदर असतो, पण पाहुण्यासारखा.

म्हणून सहकाऱ्याला मी पुस्तकाऐवजी झाडं सुचवली. नांद्रुक, कुंती, चिंच. चिंचेचं पान मुळातच बारीक दलांचं, त्यामुळे फूटभर उंचीतही ती मोठ्या झाडासारखी दिसते. पिंपळाचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो फुकट मिळतो, जुन्या वाड्याच्या भिंतीतून, गच्चीच्या पाइपामागून. शिवाय भिंतीच्या फटीत वर्षानुवर्षं उपाशी राहिल्याने त्याचं बूड आयतंच म्हाताऱ्यासारखं झालेलं असतं. पण त्याचं पान एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही. लहान झाडावर तळहाताएवढी चार पानं, म्हणजे पोराने बापाचा कोट घातल्यासारखं. पिंपळ घ्यायचाच तर मोठ्या कुंडीचा घ्यावा.

मग पुस्तक. दुकानात हातात घेतलं की मी आधी लेखक कुठे राहतो ते बघतो, मग झाडांची यादी. यादीत फायकस शेवटच्या पानावर ‘घरात ठेवायची झाडं’ म्हणून कोंबलेलं असेल, तर ते थंड देशाचं पुस्तक. त्यानंतर फोटो. एकच झाड दहा वर्षांत कसं बदललं हे तारखांसकट दाखवणारी चार पानं, नुसत्या तयार झाडांच्या चाळीस गुळगुळीत पानांपेक्षा मोलाची. टोकियोच्या कोकुफू प्रदर्शनाचे (पहिलं १९३४ मध्ये भरलं) अल्बम डोळे दिपवतात, पण ते निकालपत्र आहे, अभ्यासक्रम नव्हे.

योशिमुरांच्या माझ्या जुन्या प्रतीत समासात पेन्सिलीने महिने लिहिलेत. नांद्रुकासाठी कुंडीबदल, वसंताच्या जागी: पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर. पाणी, एप्रिल-मे: दिवसातून दोनदा. कुंतीची छाटणी: फुलं ओसरल्यावर. चिंचेसमोर अजून प्रश्नचिन्ह आहे, कारण या पुस्तकात चिंच नाही, आणि माझी चिंच फक्त तीन वर्षांची आहे.