मळ्याचं नाणं आणि आपला चांदा

दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवतो, तेव्हा आपण चिडतो. दिवसभर राबल्यावर मालकाने स्वतःच पाडून घेतलेला पितळेचा तुकडा मजुरी म्हणून दिला तर?

आसाम-सिल्हेटच्या चहामळ्यांत हे एकोणिसाव्या शतकात सर्रास चालायचं. मित्रांनो, हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दलालांनी मध्य प्रांतातून माणसं भरभरून तिकडे नेली. आपला चांदा जिल्हा याच प्रांतात होता (गडचिरोली १९८२ पर्यंत चांद्यातच). आसामच्या मळ्यांत गोंड आजही आहेत.

टोकन गोल, त्रिकोणी, षटकोनी असायचे. काहींना मधे भोक. मळ्याचं नाव कोरलेलं. वाचता न येणारा मजूर आकारावरून ओळखायचा. एक टोकन म्हणजे साधारण एक हजेरी.

मळेवाल्यांचं कारण अगदीच खोटं नव्हतं. १८६५ च्या कायद्याने पुरुषाला महिना ५ रुपये, बाईला ४. म्हणजे दिवसाला तीन आणेही नाहीत. एवढे सुटे पैसे त्या जंगलात आणायचे कुठून? पण गोम पुढे आहे. टोकन चालायचं मळ्यात, फार तर शेजारच्या बाजारात. गावी परतायचं तर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर ते कोण घेणार? वर करार मोडून पळणं हा गुन्हा, आणि पळालेल्याला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार मळेवाल्याला!

संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इंग्लंडमध्ये कारागिरांची मजुरी चालू नाण्यातच द्यायची, हा कायदा १८३१ लाच झाला होता. तरी आसामची टोकनं बर्मिंगहॅमला पाडली जात, कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीतही. आपल्याकडे मजुरी चलनातच द्यायची सक्ती आली १९३६ च्या कायद्याने. मधे १०५ वर्षं गेली.

चारोळी देऊन मीठ घेतल्याच्या गोष्टी आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्यात. आजही तेंदूच्या फळीवर पुडे मोजले की कार्डावर आकडा चढतो, पैसे नंतर. किती नंतर, ते भामरागड-एटापल्लीच्या वाचकांनीच सांगावं.

आणि तुमच्या घरातलं कुणी आसामला गेल्याची आठवण असेल, तर खाली जरूर लिहा. एखादं टोकन सापडलं तर फोटो टाका. भंगारात घालू नका.