औद्योगिक नियंत्रकातील घटना-नोंदींचे दूरस्थ संकलन

औद्योगिक नियंत्रकातील घटना-नोंदींचे दूरस्थ संकलन म्हणजे कारखान्यातील प्रक्रिया चालवणाऱ्या नियंत्रकात साठलेल्या अलार्म, ट्रिप, बिघाड, झडपांची उघडझाप आणि ऑपरेटरने दिलेल्या आज्ञा यांच्या वेळेसह नोंदी, यंत्राजवळ न जाता नेटवर्कमार्गे दुसऱ्या संगणकावर घेण्याची पद्धती होय. हा नियंत्रक पीएलसी असतो किंवा मोठ्या प्रकल्पांत डीसीएस. तापमान, दाब यांसारख्या राशींच्या सलग नोंदींना ट्रेंड म्हणतात. घटना-नोंद त्याहून वेगळी असते, कारण ती काही बदलले तरच केली जाते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती व तेथील साखरपट्टा यांच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

मोडिकॉन ०८४ हा पहिल्या पीएलसींपैकी एक नियंत्रक १९६९ च्या सुमारास अमेरिकेत वापरात आला, तर हनीवेल आणि योकोगावा यांच्या डीसीएस प्रणाली १९७५ मध्ये आल्या. तत्पूर्वी अलार्म म्हणजे पॅनेलवर लुकलुकणारा दिवा असे आणि त्याची नोंद पाळीवरील कर्मचारी हाताने वहीत करी. पुढे अलार्म छापणारे प्रिंटर आले. नेमक्या वेळी कागद संपणे ही त्यांची ख्याती होती.

नोंदींची साठवण

नियंत्रकाची स्मृती मर्यादित असल्याने नोंदी बहुधा रिंग बफरमध्ये ठेवल्या जातात. जागा भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. सीमेन्सच्या एस७ मालिकेतील डायग्नोस्टिक बफर याच तत्त्वावर चालतो. एरवी ही व्यवस्था पुरेशी असते, पण मोठ्या बिघाडात तीच घातक ठरते. एक उपकरण बंद पडले की त्यावर अवलंबून असलेली इतर उपकरणे बंद पडतात, अलार्मचा पूर येतो आणि बिघाडाची पहिली, म्हणजे सर्वांत मोलाची नोंद पुसली जाते. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्यापूर्वीच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते.

सहवीजनिर्मिती असलेल्या साखर कारखान्यात हा प्रश्न सहज समजतो. बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी घटली, टर्बाइन ट्रिप झाले आणि महावितरणच्या जाळ्याशी असलेली जोडणी तुटली, या तिन्ही घटना काही क्षणांत घडतात. यांपैकी पहिली कोणती, यावर दोष बॉयलरचा, गव्हर्नरचा की बाहेरील वीजवाहिनीचा हे ठरते. त्यासाठी एका मिलिसेकंदापर्यंतचा क्रम नोंदवणारी स्वतंत्र मॉड्यूल वापरली जातात. नोंद हाती नसेल, तर संशय बहुधा पाळीवरील माणसावर जातो.

संकलनाच्या पद्धती

मुख्य संगणक ठरावीक अंतराने नियंत्रकाला विचारणा करतो, किंवा घटना घडताच नियंत्रक स्वतः संदेश पाठवतो. पहिल्या पद्धतीत दोन विचारणांच्या मध्ये झडप बंद होऊन पुन्हा उघडली, तर मुख्य संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय त्याने नोंदवलेली वेळ ही घटनेची नसून विचारणेची असते.

१९७९ मधील मॉडबस प्रोटोकॉल आजही सर्वत्र दिसतो, परंतु नोंदींसाठी तो अपुरा आहे. त्याच्या क्रमांक १२ च्या आज्ञेने संदेशवहनातील जास्तीत जास्त ६४ घटना मिळतात. प्रत्येक घटना एका बाइटची असते आणि तिच्यासोबत वेळ नसते. त्यामुळे अभियंते नियंत्रकाच्या रजिस्टरमध्ये स्वतःचा बफर तयार करतात. नोंदीचा क्रमांक, वेळ व संकेतांक तेथे लिहिले जातात आणि मुख्य संगणकाने पोच दिल्यावरच ती जागा मोकळी होते. डीएनपी३ मध्ये हीच सोय मुळात आहे. त्यात घटना वेळेसह साठवल्या जातात आणि संपर्क तुटून पुन्हा जुळला की राहिलेल्या नोंदी पाठवल्या जातात. ओपीसी यूएमध्ये अलार्मची स्थिती, पोच आणि जुना इतिहास यांसाठी स्वतंत्र भाग आहेत. नेटवर्क उपकरणांच्या नोंदी बहुधा सिसलॉगने येतात. तो यूडीपीवरून पाठवला असता संदेश पोहोचल्याची खात्री नसते.

वेळेची अचूकता

घड्याळे जुळलेली नसतील, तर अनेक नियंत्रकांच्या नोंदी एकत्र करण्यात अर्थ नाही. दहा लाखांत २० भाग एवढी चूक असलेले घड्याळ दिवसाला सुमारे १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला ५० हून अधिक सेकंद सरकते. एक नियंत्रक भारतीय प्रमाणवेळ व दुसरा जागतिक प्रमाणवेळ लिहीत असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. ही चूक मोठी असल्याने लवकर लक्षात येते. काही सेकंदांची चूक मात्र दडून राहते आणि कारण व परिणाम यांची अदलाबदल करते.

शिरूर व दौंड परिसर

पुणे–सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ वसाहतीत रसायन व औषधनिर्मितीचे उद्योग आहेत. येथील कारखान्यांत आगीच्या घटना घडल्या असून, अशा चौकशीत रिअॅक्टरचे तापमान केव्हा वाढले आणि शीतकरण केव्हा थांबले याचा क्रम निर्णायक ठरतो. आगीत नियंत्रणकक्षच जळाला तर स्थानिक नोंदी नष्ट होतात, म्हणून त्यांची प्रत आधीच अन्यत्र गेलेली असणे आवश्यक ठरते. अमेरिकेला औषधे निर्यात करणाऱ्या उद्योगांना तेथील १९९७ च्या ‘भाग ११’ नियमांनुसार, कोणी कोणता बदल केव्हा केला याची वेळेसह संगणकीय नोंद ठेवावी लागते.

पुणे–अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव येथे मोटारी व घरगुती विद्युत उपकरणे तयार होतात. तेथे नोंदींचा उपयोग मुख्यतः उत्पादनरेषा का थांबली हे शोधण्यासाठी होतो. न्हावरे येथील घोडगंगा आणि पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने याच दोन तालुक्यांत उभे राहिले. गाळप हंगाम काही महिन्यांचाच असल्याने एका दिवसाच्या बंदचीही झळ ऊस तोडून बसलेल्या शेतकऱ्याला लागते.

नियम व सुरक्षा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये साखर, मद्यार्क व औषधनिर्मितीसह १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांत सतत ऑनलाइन मापन बसवण्याचे निर्देश दिले. यातील माहिती मंडळाच्या सर्व्हरकडे जाते, पण ती मुख्यतः मापनांची असते. यंत्रातील घटनांची जागा ती घेत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे, सायबर घटना ६ तासांत कळवणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. कळवावयाच्या घटनांच्या यादीत स्काडा व औद्योगिक प्रणालींवरील हल्लेही आहेत.

दूरस्थ वाचनासाठी उघडलेली वाट दूरस्थ फेरबदलासाठीही वापरली जाऊ शकते. म्हणून नियंत्रक थेट इंटरनेटला न जोडता नोंदी मधल्या सर्व्हरवर आणल्या जातात आणि बाहेरच्यांना तेवढाच सर्व्हर दिसतो. अतिसंवेदनशील ठिकाणी माहिती एकाच दिशेने जाऊ देणारा डेटा डायोड बसवतात. सेवा अभियंत्यासाठी तात्पुरता लावलेला ४जी मोडेम काम संपल्यावर काढण्याचे राहून जाणे, हा या व्यवस्थेतील सर्वांत साधा दोष होय. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका प्रकल्पाच्या सुरक्षा-नियंत्रकांवर ट्रायटन या घातक प्रणालीने हल्ला झाला, तेव्हा नियंत्रकाची कळ ‘प्रोग्राम’ स्थितीत राहिली होती. केवळ नोंदी वाचण्यासाठी ती सामान्यतः ‘रन’ स्थितीतून हलवावी लागत नाही.