न दिसणाऱ्याचं नाव

'हातिफ' हा शब्द आमच्या घरात थोरल्या भावानं आणला. तो कुवेतला नोकरीला होता. सुट्टीवर आला की तिकडच्या पावत्यांवर नंबराआधी छापलेला तो शब्द दाखवून सांगायचा, "हातिफ म्हणजे फोन." मला अरबी वाचता येत होतं, अर्थ कळत नव्हता. अब्बा मात्र हसले. उर्दू शायरी वाचलेला माणूस! म्हणाले, "हातिफ? तो तर गैबचा आवाज."

अब्बांचं बरोबर होतं. जुन्या अरबीत हातिफ म्हणजे असा आवाज, ज्याचा बोलणारा दिसत नाही. वाळवंटात एकट्या मुसाफिराला रात्री ऐकू येणारी हाक. नवव्या शतकात बगदादच्या इब्न अबी अद्-दुनिया यांनी अशा आवाजांच्या हकिकतींचं एक पुस्तकच केलं. पुढे फारसी-उर्दू शायर मशिदीच्या बांधणीचं किंवा कुणाच्या मृत्यूचं साल अक्षरांच्या बेरजेतून काढत आणि ते हातिफनं सांगितलं असं म्हणत.

१८७६मध्ये बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि मग भाषांपुढे नावाचा प्रश्न आला. ग्रीक मुळांचं सरळ भाषांतर करून मराठीत 'दूरध्वनी' झाला. तो सावरकरांच्या नावावर सांगतात. त्यांच्या भाषाशुद्धीचा रोख अरबी-फारसी शब्दांवर होता, म्हणून आमच्यातले काहीजण हा शब्द वापरताना अजून अवघडतात. मला गंमत वाटते ती वेगळीच. अरबी पंडितांनाही परका शब्द नकोच होता! त्यांनी फक्त भाषांतर न करता घरातला जुना शब्द उठवून कामाला लावला. तारेसाठीही 'बर्क', म्हणजे वीज, यावरून 'बर्किया' केलं. लोकांनी दोन्हीकडे आपलंच चालवलं: कैरोत तिलिफोन, रत्नागिरीत फोन.

तरी मला हातिफ जास्त खरा वाटतो. दूरध्वनी अंतर सांगतो, हातिफ न दिसणं सांगतो. कुवेत किती लांब आहे याच्याशी अम्मीला देणंघेणं नव्हतं. पीसीओवरून परत येताना ती दर वेळी एकच विचारायची, "बारीक झाला असेल का रे?" ते आवाजावरून कसं कळणार?

चेहरा दाखवणारा फोन तसा जुनाच. अमेरिकेत बेल कंपनीनं १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात 'पिक्चरफोन' मांडला, १९७०मध्ये पिट्सबर्गला त्याची सेवाही सुरू केली. फार महाग होती, चालली नाही. पुढे व्हिडिओ कॉल घरोघरी आला तेव्हा आपल्या सरकारी मराठीनं जुन्याच साच्यातून 'दूरदृश्य प्रणाली' काढली. अरबीची मात्र पंचाईत. चित्राच्या फोनला तिथं 'हातिफ मर्ई' म्हणतात, म्हणजे दिसणारा हातिफ. जो दिसत नाही म्हणून हातिफ, तोच दिसणारा!

भावाचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मोबाईल मीच अम्मीसमोर धरला होता. ती बराच वेळ बोललीच नाही, नुसती बघत राहिली. तिकडून भाऊ विचारत होता, "अम्मी, आवाज येतोय ना?"