६१७४ : कापरेकर स्थिरांक

६१७४ ही चार अंकी सम नैसर्गिक संख्या असून ती 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये तिचा विशेष गुणधर्म शोधला.

कृती

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून दोन संख्या तयार करा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा हीच कृती करा. उत्तर तीन अंकी आले, तर डावीकडे शून्य लिहून ते चार अंकी करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते.

उदाहरणार्थ, कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येते.

असे का होते?

वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक (क) आणि मधल्या दोन अंकांतील फरक (ख). उत्तर नेहमी ९९९ × क + ९० × ख इतके असते. क हा १ ते ९ यांपैकी असतो आणि ख त्याहून मोठा नसतो. त्यामुळे पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ उत्तरे शक्य आहेत. ती सर्व तपासली की सिद्धता पूर्ण होते. ६१७४ साठी क = ६, ख = २ आणि ५९९४ + १८० = ६१७४.

तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात.

वर्गीकरण

• संयुक्त संख्या : ६१७४ = २ × ३² × ७³. एकूण विभाजक २४.
• विपुल संख्या : स्वतः सोडून इतर विभाजकांची बेरीज ९४२६, म्हणजे संख्येपेक्षा जास्त.
• हर्षद संख्या : अंकांची बेरीज १८; ६१७४ ÷ १८ = ३४३. 'हर्षद' हे नावही कापरेकरांचेच.
• घातांची बेरीज : १८³ + १८² + १८ = ६१७४.
• देवळाली (स्वयंभू) संख्या नाही : ६१५६ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १८ मिळवली की ६१७४ येते. स्वयंभू संख्या अशा रीतीने मिळत नाही.

नावातील गल्लत

'कापरेकर स्थिरांक' आणि 'कापरेकर संख्या' या वेगळ्या संकल्पना आहेत. ४५ ही कापरेकर संख्या आहे, कारण ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. ६१७४ च्या वर्गाचे (३८११८२७६) तसे दोन भाग केल्यास बेरीज १२०८७ येते. म्हणून ६१७४ ही कापरेकर संख्या नाही.

शोधाची दखल

कापरेकरांकडे गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांचे काम भारतात बराच काळ करमणुकीचे गणित समजले गेले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी त्यांचे नाव जगभर पोहोचले.