गुलाबी चिठ्ठी

विमान चालवण्याची नोकरी मागायला आलेल्या उमेदवाराला अमेरिकेतल्या कंपन्या मुलाखतीत एक प्रश्न बहुधा विचारतातच : आजवर उड्डाणाच्या एखाद्या परीक्षेत तुम्ही नापास झाला आहात काय? प्रश्न साधा आहे, सातवीतल्या पोरालाही कळेल असा. पण त्याचे खरे उत्तर उमेदवाराच्या तोंडावर न सोडता कागदावर आणायला त्या देशाला तेहतीस-चौतीस वर्षे लागली आणि मधल्या काळात पुष्कळ माणसे मेली. त्या वर्षांची हकीकत मला सांगायची आहे. मी विमानविद्येतला जाणता नव्हे. परंतु परीक्षा, निकाल आणि निकाल लपवणारी माणसे हा माझा रोजचा विषय आहे. दिवसा मास्तर म्हणून आणि रात्री कादंबरीकार म्हणून.

आधी ही परीक्षा कशी असते ते सांगतो. वैमानिकाला एकच एक परवाना मिळत नाही. पहिला खाजगी परवाना, मग ढगात नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विमान चालवण्याची पात्रता, मग पैसे घेऊन उडवण्याचा व्यावसायिक परवाना, मग दोन इंजिनांचे विमान, आणि शेवटी प्रवासी विमानाच्या कप्तानाला लागणारा सर्वांत वरचा परवाना. दर पायरीवर परीक्षक आधी तोंडी प्रश्न विचारतो, मग उमेदवाराशेजारी बसून त्याला विमान चालवायला लावतो. जमले नाही तर हाती नापासाची नोटीस पडते. हा कागद पूर्वी गुलाबी असे, म्हणून वैमानिकांच्या बोलीत तिचे नाव गुलाबी चिठ्ठी. ती मिळणे म्हणजे काही आभाळ कोसळणे नव्हे. उमेदवाराने शिक्षकाकडून पुन्हा तयारी करून घ्यायची, शिक्षकाने तयार असल्याची सही द्यायची, आणि साठ दिवसांच्या आत आला तर जेवढा भाग चुकला तेवढाच पुन्हा द्यायचा. आमच्याकडच्या फेरपरीक्षेपेक्षा हे पुष्कळच समजूतदारपणाचे आहे. एखादी चिठ्ठी गाठीला असलेले कितीतरी वैमानिक आज निर्वेध नोकरी करीत आहेत.

मग लपवायचे कशाला? तर मुलाखतीच्या खोलीत, कोरा कोट घालून बसलेल्या माणसाला शेजारच्या खुर्चीवरचा उमेदवार दिसत असतो. त्याच्या पाटीवर ओरखडा नाही असे ह्याला वाटते. शिवाय विचारणाऱ्याला खरे कळायला दुसरा मार्ग नाही, हेही ठाऊक असते. पुष्कळ वर्षे तो मार्ग खरोखरच नव्हता.

१५ नोव्हेंबर १९८७ रोजी डेन्व्हर शहराच्या विमानतळावरून काँटिनेंटल एअरलाइन्सचे डीसी-९ विमान पडत्या बर्फात उडू लागले आणि उडताउडताच धावपट्टीवर उलटे झाले. आत ब्याऐंशी माणसे होती, त्यांपैकी अठ्ठावीस मेली. पंखांवरचा बर्फ काढून वेळ झाला होता, हे एक कारण. दुसरे असे की विमान त्या वेळी सहवैमानिकाच्या हाती होते. वय सव्वीस, आणि ह्या जातीच्या विमानावरचा अनुभव अवघा छत्तीस तासांचा. चौकशीत निघाले की पूर्वीच्या एका मालकाने त्याला परीक्षा वारंवार न जमल्यामुळे काढून टाकले होते. नव्या कंपनीने त्याची माहिती काढण्याचे काम बाहेरच्या एका संस्थेला दिले होते. तिला ही गोष्ट सापडलीच नाही.

सात वर्षांनी, १३ डिसेंबर १९९४ च्या संध्याकाळी, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहराजवळ अमेरिकन ईगलचे लहान जेटस्ट्रीम विमान उतरताना पडले. वीसांपैकी पंधरा माणसे गेली. एक दिवा लागलेला पाहून कप्तानाने इंजिन बंद पडल्याची समजूत करून घेतली. खरे तर इंजिन चालू होते. ह्या कप्तानाला आधीच्या कंपनीने, काढून टाकण्याऐवजी, राजीनामा द्यायला सांगितले होते. नव्या कंपनीकडे त्याचे तिथले दप्तर आलेच नव्हते.

ह्याचे नवल वाटायला नको. नोकर सोडून गेला की त्याच्याविषयी वाईट लिहायचे नाही, लिहिले तर तो कोर्टात खेचील, म्हणून अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता एवढेच सांगायचे, अशी तिकडच्या कंपन्यांची रीत पडली होती. आपल्याकडचा शाळा सोडल्याचा दाखला आठवावा. वर्तणूक : चांगली. सगळ्या वर्गाची चांगली! बाके मोडणाऱ्याचीही आणि ती दुरुस्त करणाऱ्याचीही. तो शेरा वाचून कुणी कधी काही ओळखले आहे काय?

रॅलेनंतर १९९६ साली कायदा झाला. वैमानिक घेण्यापूर्वी त्याच्या मागल्या पाच वर्षांतल्या मालकांकडून दप्तर मागवणे कंपनीला बंधनकारक झाले, आणि खरे दप्तर देणाऱ्या मालकाला दाव्यांपासून संरक्षण मिळाले. कायदा चांगला होता, पण त्यात एक भोक राहिले. परवान्याच्या परीक्षा सरकार घेते, कंपनी नव्हे. त्या गुलाबी चिठ्ठ्या सरकारच्या कपाटात, आणि उमेदवाराने लेखी संमती दिली तरच त्या कंपनीला पाहायला मिळणार. ही संमती मागायची सक्ती नव्हती. सरकारच्याच एका खात्यात नापासांची यादी पडून आहे आणि ज्याच्या हाती माणसे सोपवायची त्याविषयी विचारणारा मात्र उमेदवाराच्या शब्दावर विसंबतो, हा प्रकार मला तरी समजत नाही.

१३ जुलै २००३ रोजी बहामा बेटांजवळ एअर सनशाइनचे लहान सेस्ना विमान समुद्रात उतरवावे लागले आणि दोन प्रवासी मेले. त्याचा वैमानिक १९८३ ते १९९८ या काळात नऊ उड्डाण परीक्षांत नापास झाला होता. नऊ! अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २००५ च्या आरंभी शिफारस केली की नोकरी देण्यापूर्वी ह्या नोटिसा पाहणे कंपन्यांना सक्तीचे करावे. शिफारशीला सक्तीचे बळ नसते.

त्याच २००५ साली कोलगन एअर नावाच्या कंपनीत एका वैमानिकाने अर्ज केला. अर्जात नापासाचा रकाना होता. १९९१ साली यंत्रांवरच्या उड्डाणाच्या परीक्षेत आपण नापास झालो होतो, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले. २००२ आणि २००४ मधल्या व्यावसायिक परवान्याच्या दोन चिठ्ठ्या मात्र लिहिल्या नाहीत. मला ह्या माणसाचे वाईट वाटते. चौदा वर्षांपूर्वीची जुनी जखम दाखवायला त्याला लाज वाटली नाही, ताज्या दोन झाकाव्याशा वाटल्या. कादंबरीत असा माणूस घातला तर टीकाकार म्हणतील, हे जमलेले नाही, खोटारडा असेल तर तो तिन्ही लपवील. कंपनीने संमती मागून सरकारी कपाट उघडले नाही. पुढे कंपनीतल्या परीक्षांतही तो पहिल्या खेपेला अडखळला.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला जाणारे त्यांचे विमान त्याच्या हाती होते. वेग उतरत गेला तेव्हा हातातला दांडा थरथरू लागला. विमान हवेत तोल सोडण्याच्या बेतात आहे, नाक खाली करा, असे सांगण्यासाठीच तो थरथरतो. त्याने दांडा मागे, आपल्याकडे ओढला. विमान एका घरावर कोसळले. आतली एकोणपन्नास आणि घरातले एक, अशी पन्नास माणसे मेली. चिठ्ठ्या लपवल्या म्हणून विमान पडले असे चौकशी मंडळाने म्हटले नाही, आणि मीही म्हणत नाही. पण त्या वेळीच दिसल्या असत्या तर कुणीतरी त्याला शेजारी बसवून विचारले असते, बाबा, नेमके अडते कुठे? नापास झालेल्या मुलाला एवढे तरी मिळायला हवे असते. लपवणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही.

आपल्याकडेही ह्यानंतर दोनच वर्षांनी असे पाणी वर आले. २०११ च्या जानेवारीत गोव्याच्या विमानतळावर एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले. तपासाची पाळी आली तेव्हा वैमानिकाच्या लेखी परीक्षेच्या गुणपत्रिकाच बनावट असल्याचे उघडकीस आले, आणि मग इतरांचे परवाने तपासले जाऊ लागले. आणखी काहींची बनावटही बाहेर पडली. एकाने नापासाचा कागद गिळला, दुसऱ्याने पासाचा कागद छापला. मुलाखत घेणाऱ्यापुढे दोन्हीकडे सारखेच चित्र.

बफेलोत ज्यांची माणसे गेली ती कुटुंबे मात्र स्वस्थ बसली नाहीत. वॉशिंग्टनला खेपा घालून त्यांनी २०१० साली कायदा करून घेतला : प्रत्येक वैमानिकाचे सगळे दप्तर, सरकारी नापासांसकट, एका ठिकाणी आणावे. कायदा झाला, दप्तर मात्र उभे राहीना. वर्षांवर वर्षे गेली. दरम्यान २३ फेब्रुवारी २०१९ रोजी मायामीहून ह्यूस्टनकडे माल घेऊन जाणारे ॲटलस एअरचे बोइंग ७६७ टेक्सासच्या ट्रिनिटी खाडीत बुडाले आणि आतले तिघेही मेले. सहवैमानिकाने आधीच्या दोन कंपन्यांतले अर्धवट सुटलेले शिक्षण अर्जात सांगितले नव्हते. या खेपेस चौकशी मंडळाने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत सरकारी खात्याचीही दिरंगाई नोंदवली : दप्तर वेळेवर उभारले नाही ही. तेव्हा कुठे २०२१ च्या जून महिन्यात नियम प्रसिद्ध झाला, आणि पूर्ण अंमलबजावणीला २०२४ चा सप्टेंबर उजाडला.

आता वैमानिकाला आपले दप्तर स्वतः उघडून पाहता येते, चुकीचे काही असेल तर दुरुस्ती मागता येते, आणि त्याने संमती दिल्यावर कंपनीपुढे ते ठेवले जाते. त्यात आलेली चिठ्ठी त्याला पुसता येत नाही. मुलाखत घेणारे दप्तर चाळूनच खोलीत येतात. तरीही तो प्रश्न विचारला जातोच : एखाद्या परीक्षेत नापास झाला आहात काय? उमेदवार बोलू लागतो, आणि ते पुढ्यातला कागद न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहत बसतात.