तंजावरच्या राजाची गाती नाटके

मराठी नाटकाचा जन्म आपण ५ नोव्हेंबर १८४३ ला, सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून धरतो. माझ्या मते हा हिशेब जवळजवळ दीडशे वर्षांनी चुकतो. शिवरायांचे सावत्रभाऊ व्यंकोजी. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ मध्ये, अवघ्या बाराव्या वर्षी, तंजावरच्या गादीवर बसले आणि १७१२ पर्यंतच्या कारकिर्दीत त्यांनी तेलुगू व मराठीत गाती नाटके रचली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतले मराठी नाटक. ‘पंचभाषाविलासा’त तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकत्र नांदतात. लंडनमध्ये संगीतकार पर्सेल ‘डायडो आणि इनिअस’ हा ऑपेरा रचत होता तो हाच काळ. तिकडे शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. इकडे संहितेतच पदाच्या डोक्यावर राग आणि ताल नेमून दिलेला असे. अशा पदाला तंजावरात ‘दरू’ म्हणत.

‘हा दरबारी विरंगुळा, त्याचा सांगलीशी काय संबंध?’ असा आक्षेप येतो. भाव्यांनी तंजावरची नाटके पाहिली होती, असे मीही म्हणत नाही. पण सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना नाटक रचायला सांगितले ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून, आणि तो खेळ गाण्यानाचातून कथा सांगणाऱ्या यक्षगानाचा. शहाजीराजांची नाटकेही यक्षगानाच्याच घराण्यातली. वाटा दोन, पण उगम दक्षिणेतच. आणि विरंगुळा म्हणावे तर ‘सतीदानशूरमु’ या तेलुगू नाटकात राजाने अस्पृश्य स्त्रीवर भाळलेला ब्राह्मण रंगमंचावर उभा केला. त्या काळी राजाच्या लेखणीतून असा विषय यावा, याला मोठी छाती लागते.

दुसरा आक्षेप, ‘हे गाणे आहे, नाटक कुठे?’ पुस्तकी वादात तो टिकेलही. तमाशाच्या मुलखात टिकणार नाही. नारायणगावात हंगामाच्या तोंडावर तमाशाच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात, आणि गण-गौळणीनंतर वग रंगतो. गाण्यातून कथा पुढे नेणे म्हणजे काय, हे या मुलखाला समजावून सांगावे लागत नाही. तीच कसोटी तंजावरला लावली, तर शहाजीराजांना मराठी नाटककारांच्या पहिल्या पंगतीत पान मांडावेच लागेल. तंजावरच्या नाटकांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत.