पुतळ्यांची माळ

राजांचा इतिहास ताम्रपटांवर व शिलालेखांवर कोरलेला आढळतो. पण घरांतील स्त्रियांचा इतिहास शोधावयाचा झाल्यास तो पुष्कळदां दागिन्यांच्या डब्यांतच पाहावा लागतो. माझ्या आत्याकडून आलेली पुतळ्यांची माळ हें असेंच एक साधन आहे.

प्रथम 'पुतळी' हा शब्दच पाहूं. या नाण्याचें मूळ इटलींतील व्हेनिस येथें आहे. १२८४ सालीं त्या प्रजासत्ताकानें सुमारें साडेतीन ग्रॅम वजनाचें, जवळजवळ शुद्ध सोन्याचें 'डुकाट' नांवाचें नाणें पाडण्यास आरंभ केला. त्याच्या एका बाजूस संत मार्काकडून ध्वज स्वीकारणारा, गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, व दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वेढ्यांत उभा असलेला ख्रिस्त, अशा आकृती असत. हिंदुस्थानांतील मसाले व कापड यांचें मोल युरोपास बहुतांशीं सोन्यारुप्यांत चुकवावें लागे. त्या ओघानें हीं नाणीं आपल्या किनाऱ्यावर उतरलीं. लोकांनीं त्यांवरील आकृती पाहिली व नाण्यास 'पुतळी' म्हटलें. १७९७ सालीं नेपोलियनपुढें व्हेनिसचें प्रजासत्ताक लयास गेलें. पुतळी मात्र राहिली. आमच्या सोनारांनीं तिच्या प्रतिकृती पाडल्या. आत्याच्या माळेंतील पुतळ्या त्याच जातीच्या आहेत: अक्षरें निरर्थक, आकृती पुसट, सोनें चोख.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. १९३२ सालीं विवाहप्रसंगीं माहेरून तिला ही बत्तीस पुतळ्यांची माळ मिळाली, आणि १९३६ सालीं तिला वैधव्य आलें. एकत्र कुटुंबांतील निपुत्रिक विधवेस त्या काळीं अन्नवस्त्रापलीकडे फारसा हक्क नव्हता. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानें १९३७ सालीं झालेल्या कायद्यानें विधवेस पतीच्या हिश्शांत मर्यादित हक्क दिला. पण त्यापूर्वीं मृत झालेल्यांच्या मिळकतीस तो लागू नव्हता. तिच्या स्वाधीन राहिलें तें केवळ स्त्रीधन. माता, पिता, पती, बंधू यांनीं दिलेलें व विवाहाग्नीच्या सन्निध मिळालेलें तें स्त्रीधन, असें याज्ञवल्क्य म्हणतो. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या कारकीर्दींत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें वारसा, खरेदी व वांटणी यांनीं मिळालेलें धनही त्यांत घातलें. शास्त्र इतकें उदार. रूढीनें मात्र विधवेचे अलंकार उतरविले. माळ पूर्णपणें आत्याची, आणि ती घालण्याची तिलाच मनाई!

आत्या माहेरीं परतली. १९४८ सालीं माझ्या वडिलांस पुण्यास कॉलेजांत पाठवावयाचें होतें, तेव्हां चार पुतळ्या मोडल्या. धाकट्या बहिणीच्या दुखण्यांत तीन. आणि पुढें माझ्या शिक्षणांत सहा. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी व बंदिवास या प्रसंगीं स्त्रीधन वापरण्याची मुभा याज्ञवल्क्यानें पतीस दिली आहे. भावंडांस व भाचरांस नाहीं. आमचा कोणाचाच त्यांवर हक्क नव्हता. भावांच्या घरीं आश्रयास असलेल्या बाईचें हें देणें खरोखर स्वेच्छेचें होतें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्यास माझें उत्तर इतकेंच कीं, प्रत्येक वेळीं सोनाराकडे ती स्वतः गेली, माळ दुसऱ्या कोणाच्या हातीं दिली नाहीं, आणि पटवेकऱ्यानें सुचवूनही मोडलेल्या पुतळीच्या जागीं मुलाम्याची पुतळी ओवूं दिली नाहीं.

१९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें स्त्रीचा मिळकतीवरील हक्क निर्बाध केला. तथापि निपुत्रिक विधवा मृत्युपत्राविना वारल्यास, आईबापांकडून वारशानें आलेलें वगळतां, तिचें धन आजही पतीच्या वारसांकडे जातें. ज्या सासरानें अर्धशतकांत आत्याची विचारपूस केली नाहीं, तेथें ही माळ जाण्याचा संभव होता. १९९३ सालीं, मृत्यूपूर्वीं कांहीं महिने, तिनें ती आपल्या हातांनीं माझ्या स्वाधीन केली.

आतां माळेंत एकोणीस पुतळ्या आहेत. सोनाराच्या कांट्यावर तेरांची तूट भरेल. आमच्या घराच्या जमेस मात्र त्या तेराच आहेत. जुना दागिना मोडून नवा घडविण्याची आपली रीत आहे, व तींत दोष नाहीं. परंतु मोडण्यापूर्वीं तो कोणाचा, कोठून आला व कोणत्या प्रसंगीं हलका झाला, एवढें घरांतील वडील बायकांस विचारून लिहून ठेवावें. सोनें आटवितां येतें, तशी ही हकीकत मागाहून घडवितां येत नाहीं.